सकाळी चहा घेतला आणि वर गेली

कौतुक करण्यात माझा हात धरणारा अजून जन्मायचा आहे! माझं चष्म्यांचं दुकान आहे. ज्या फ्रेममध्ये माणूस दचकलेल्या घुबडासारखा दिसतो, ती फ्रेमसुद्धा मी ‘काय भारदस्त दिसताय हो!’ असं म्हणून विकली आहे. आणि तोच माणूस आठवड्याने बायकोलाही तसलीच फ्रेम घ्यायला घेऊन आला आहे. आता एवढा हात बसलेला माणूस मी. स्वतःच्या बायकोचं कौतुक करणं म्हणजे हातचा मळ, असं मला वाटलं तर माझं काय चुकलं, सांगा!

बायको पगार करते. म्हणजे इतरांचे. तिच्या कंपनीची माणसं चार देशांत काम करतात आणि त्या सगळ्यांचे पगार आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीतून होतात. गिऱ्हाइकांना हे सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न असतो, “म्हणजे एवढी रोकड घरात?” अहो, रोकड कसली! असतो तो डोक्याला ताप. एका देशात शुक्रवारी बँका बंद, दुसऱ्यात रविवारी. एका देशाचं सरकार लग्न केलं की कर कमी करतं, दुसऱ्याचं वाढवतं. (त्या दुसऱ्या सरकारला संसाराचा अनुभव असावा.) कुठे घड्याळं पुढे करतात, कुठे मागे, कुठे बाळंतपणाची रजा बापालाही मिळते, हे सगळं तिला तोंडपाठ! माझा वाढदिवस तेवढा फोन वाजला की आठवतो.

एकदा जेवताना ती सहज म्हणाली, “पगार वेळेवर झाला म्हणून आजवर मला एकाही माणसाचा फोन आलेला नाही. आपलं काम नळाच्या पाण्यासारखं. येतंय तोवर नळाकडे कोण बघतो?”

एवढं बोलून ती ताट उचलून उठली. बिचारी! ते काही नाही, म्हटलं, हिचा सत्कार झालाच पाहिजे! आणि तो दुसऱ्या कुणी केला तर त्यात मजा नाही. मीच करणार. गुपचूप!

साधन हाताशीच होतं. मागे बायकोच्या अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिच्या खुशालीसाठी परदेशातल्या सहकाऱ्यांनी फोनवर एक ग्रुप काढला होता. त्यात मी होतो. समुद्रापलीकडे पूर्वेच्या देशातले मिशीवाले होते. मिशी एवढी दणकट, की व्हिडिओ कॉलवर आधी मिशी जोडली जाते आणि मग माणूस. बर्फाच्या देशातल्या मफलरबाई होत्या, आणि सगळ्यांचे वरिष्ठ असलेले साहेब. बायको बरी झाली, पण ग्रुप तसाच पडून राहिला. फोनवरच्या त्या ग्रुपमध्ये एक झकास सोय होती. आपण आपल्या भाषेत लिहायचं, समोरच्याला ते त्याच्या भाषेत दिसणार!

त्या दिवशी पगाराचा दिवस होता. सकाळी बायको वर गेल्यावर मी सोफ्यावर मांडी ठोकून बसलो आणि लिहिलं : ‘नमस्कार मंडळी. माझ्या बायकोला आज दुपारी आपण सर्वांनी मिळून निरोप द्यायचा आहे. प्रत्येकाने तिच्याविषयी दोन गोड शब्द बोलावेत. तिला फोन करू नका, ती उचलणार नाही. पगाराच्या दिवशी ती या जगात नसते, हे तुम्ही जाणताच.’

सोबत तिचा छानसा फोटो लावला. नुसता फोटो बरा दिसेना म्हणून फुलांची चौकट शोधली. रंगीत फुलांच्या चौकटीला पैसे पडत होते. पांढऱ्या फुलांची फुकट होती, वर दोन्ही बाजूंना एकेक मेणबत्तीही मिळत होती. मी म्हटलं, वा! धाडून दिला.

आता तुम्ही-आम्ही जाणतो, निरोप म्हणजे सांगावा. दोन शब्द कळवायचे, तो निरोप. पण निरोप दुसराही असतो, आणि त्या फोनला नेमका तो दुसराच ठाऊक होता! हे मला तेव्हा कुठे माहीत?

काही वेळातच ग्रुपवर रडक्या चेहऱ्यांचा पूर आला. माझा ऊर भरून आला. नुसत्या सत्काराच्या कल्पनेनेच माणसं गहिवरली होती!

मफलरबाईंनी विचारलं, ‘हे कधी झालं?’

मी आपला विचार केला, हे म्हणजे सत्काराचं ठरणं. लिहिलं, ‘आज सकाळीच.’

‘आता त्या कुठे आहेत?’

‘सकाळी चहा घेतला आणि वर गेली.’

मग मिशीवाल्यांनी विचारलं, ‘शांतपणे?’

प्रश्न जरा चमत्कारिक वाटला. पण परदेशी माणसं. असते एकेकाची पद्धत. मी लिहिलं, ‘हो. एरवी पायऱ्या चढताना धापा टाकते. आज काही आवाजसुद्धा नाही.’

‘आणि तुमच्या आई? त्यांनी कसं सोसलं?’

आई माझ्या शेजारीच बसून टीव्हीचा रिमोट शोधत होती. मी विचारलं, “आई, तुझी सूनबाई लवकर वर गेली, तुला काय वाटतं?”

“बरं झालं. आता मला मालिका निवांत बघू दे.”

मी प्रामाणिक माणूस. जसंच्या तसं कळवलं : ‘आई म्हणते, लवकर गेली ते बरं झालं.’

यावर साहेबांनी लिहिलं, ‘वयस्कर माणसांना मोठं धैर्य असतं. दुपारी आपण सगळे कॉलवर जमू.’ आणि त्यांनी कॉलची लिंक पाठवली. मिशीवाल्यांनी तर बोलताबोलता हुंदका देऊन तोंड फिरवल्याचा व्हिडिओ धाडला. मी दुकानाचं शटर आज उघडायचंच नाही असं ठरवून शीळ घालत बूट पुसायला घेतले. एवढा मोठा सत्कार घडवून आणायचा म्हणजे पायांत बूट नकोत?

तेवढ्यात बायको धाडधाड खाली आली.

“अहो! इंटरनेट बंद आहे का?”

“नाही बुवा.”

“मग मला आत का घेत नाहीये? ‘हे खाते बंद करण्यात आले आहे’ म्हणतंय! अहो, आज पगार आहे! पूर्वेच्या देशाची मंजुरी बाकी आहे. उद्यापासून तिथे सलग सुट्ट्या. आज त्यांची बँक बंद होण्याआधी फाइल गेली नाही, तर गोदामातल्या सगळ्या माणसांचे पगार सुट्ट्यांनंतर होतील. ऐन सुट्टीत त्यांच्या घरी काय शिजवायचं?”

मी मनात म्हटलं, साहेब भलतेच रसिक निघाले! सत्काराला मोकळीक मिळावी म्हणून तिला कामातून सोडवलं वाटतं. वरकरणी म्हणालो, “अगं, बस जरा. मिळालीये उसंत तर घे!”

“उसंत?” तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की माझ्या हातातला बूट खाली पडला.

दाराची घंटा वाजली. दारात फुलवाल्या बाई. त्यांच्यापुढे तिवईवर उभं केलेलं, माझ्या छातीपर्यंत पोहोचणारं, पांढऱ्या फुलांचं गोल कडं!

“केवढा हार!” मी म्हणालो. “आणि पायांसकट!”

आई लगबगीने आली. कड्याकडे तिने एकदा पाहिलं, मग स्वतःची नाडी धरली. “माझं काही झालंय का रे? मला न सांगता मागवलंत?”

“तुझं नाही गं आई!”

“घरातलं कोण...?” फुलवाल्या बाईंनी हळू आवाजात विचारलं.

“माझ्या नावाने आलंय ना?” बायको पुढे झाली. “द्या, सही करते.”

तिने फटकन सही केली. फुलवाल्या बाईंनी सहीतलं नाव वाचलं, कड्यावरच्या पट्टीतलं नाव वाचलं, बायकोला नखशिखान्त न्याहाळलं, आणि पावतीची अर्धी प्रत न देताच त्या जिना उतरल्या. उतरल्या कसल्या, घरंगळल्याच!

कड्याला एक कार्ड होतं. काळ्या काठाचं. बायकोने वाचलं, “‘तुमची जागा कुणीही भरून काढू शकणार नाही. आता विश्रांती घ्या.’ अहो...” ती मटकन खुर्चीत बसली. “मला नोकरीवरून काढलं हो!”

“छे! कुणी काढताना फुलं पाठवतं का?”

“हल्ली सभ्यपणेच काढतात!” तिचा फोन टिणटिणला. तिच्या घरच्या ई-मेलवर कंपनीची मेल आली होती. ती वाचता वाचता तिच्या भुवया वर वर जायला लागल्या. “ही माझ्या नातेवाइकांना आहे. ‘कर्मचाऱ्याच्या दुःखद निधनानंतरचा अंतिम हिशेब सोबत जोडला आहे.’ निधन? कुणाचं निधन?”

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. पडला म्हणजे वीज पडावी तसा! फुलांची चौकट, मेणबत्त्या, शांतपणे... मी फोन उघडला. माझ्याच मजकुरावर बोट दाबलं की त्याचं भाषांतर दिसायचं आणि ते परत आपल्या भाषेतही आणता यायचं. हे सकाळी केलं असतं तर! आता वाचलं : ‘माझी पत्नी या जगात राहिलेली नाही. दुपारी तिला अखेरचा निरोप.’ आणि त्याखाली : ‘तिने सकाळी चहा प्यायला आणि ती स्वर्गात गेली.’

मी जड हाताने फोन बायकोपुढे धरला. “मी... तुझं कौतुक करायला गेलो होतो गं.”

तिने सगळं वाचलं. अगदी आईच्या ‘बरं झालं’पर्यंत. मी डोळे मिटून घेतले. आता किंकाळी येणार, मग उशी येणार, मग बहुधा ते कडं येणार. काहीच आलं नाही. डोळे उघडून पाहतो तर ती परत ती मेलच वाचत होती.

“अहो.”

“काय गं?”

“हा हिशेब चुकलाय!”

“काय?”

“माझ्या शिल्लक रजा कमी धरल्यात! आणि महिन्याचे दिवस मोजताना आजचा दिवस सोडलाय. कुणी केला हा? माणूस ज्या दिवशी जातो तो दिवस कामाचाच धरायचा, हे मी स्वतः शिकवलंय सगळ्यांना! मी मेले ते एक वेळ जाऊ द्या, पण असा हिशेब?”

“सूनबाई,” आई म्हणाली, “आधी तू आहेस हे तर कळव त्यांना!”

बायकोने साहेबांना फोन लावला. साहेबांनी उचललाच नाही. मग ग्रुपवर दिसला त्यांचा निरोप (म्हणजे सांगावा!) : ‘दिवंगत सहकाऱ्याच्या फोनवरून कॉल येत आहे. कुटुंबाने धीर धरावा.’ ग्रुपवर मी धडाधड लिहायला लागलो, ‘ती आहे! ती आहे!’ त्यावर मफलरबाई लिहितात, ‘होय. आपल्या मनात ती कायम आहे.’

शेवटी तिने कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. बराच वेळ वाजंत्री वाजल्यावर एक गोड आवाज आला.

“माझं खातं चालू करा,” बायको म्हणाली आणि तिने नाव सांगितलं.

“आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मयत आपल्या कोण?”

“मीच!”

“समजू शकतो. अशा वेळी असं होतं. कृपया वारसाला फोन देता का?”

वारस म्हणजे मी! घसा साफ करून म्हणालो, “मी वारस बोलतोय. मयत माझ्या शेजारी उभी आहे आणि भयंकर चिडलेली आहे.”

“म्हणजे त्या हयात आहेत? मग त्यांना नव्याने नेमून घ्यावं लागेल.”

“घ्या ना मग! पटकन!”

“नेमणुकीची नोंद पगार विभाग करतो, साहेब.”

“मग पगार विभागाला सांगा!”

“तिथे एक बाई होत्या. त्या आज वारल्या.”

बायकोने माझ्या हातातून फोन काढून ठेवून दिला. खिडकीशी जाऊन ती उभी राहिली. “बँक बंद व्हायला आता फार वेळ नाही,” ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. “त्या गोदामात एक माणूस आहे, त्याची मुलगी सुट्टीत वसतिगृहातून घरी येतेय. महिनाभर विचारतोय मला, बाई, पगार सुट्टीच्या आधी होईल ना? मी हो म्हटलं होतं.”

ती रडली असती तर परवडलं असतं. पण ती नुसतीच खिडकीबाहेर बघत राहिली आणि मला पहिल्यांदाच जाणवलं, की मी नुसता विनोद केलेला नाही.

“साहेबांनी दुपारच्या कॉलची लिंक दिलीये,” मी चाचरत म्हणालो. “सगळे आत्ता तिथेच असतील. तुझ्या... तुझ्यासाठी.”

ती गर्रकन वळली. “मग आधी का नाही बोललात!”

माझ्या फोनवरून आम्ही आत शिरलो. चौकटीचौकटींतून सगळे काळ्या कपड्यांत. प्रत्येकाच्या टेबलावर मेणबत्ती. मधोमध माझीच ती फुलांची चौकट! बोलणाऱ्याच्या खाली भाषांतराच्या ओळी येत होत्या. साहेब बोलत होते, “...त्यांच्या स्मरणार्थ आजचं पगाराचं काम आपण थांबवलं आहे. आता दोन मिनिटं शांत उभे राहू या.”

“थांबवलंय?” बायको ओरडली. “माझ्या नावाने पगार थांबवलेत?”

पण साहेबांनी आमचा आवाज बंद करून ठेवला होता! सगळ्यांच्या माना खाली, डोळे मिटलेले. बायको हात हलवतेय, मी आरती ओवाळल्यासारखा फोन गोल गोल फिरवतोय, आई मागून ‘अहो मंडळी!’ म्हणून टाळ्या वाजवतेय. एक जण बघेल तर शपथ! आमच्या तिघांची पडद्यावर मूकनाट्याची तालीम चाललेली, आणि प्रेक्षक ध्यानस्थ!

अखेर मिशीवाल्यांना शिंक आली. शिंकताना त्यांनी डोळे उघडले. समोर दिवंगत बाई दोन्ही हात हलवत होत्या. मिशीवाले खुर्चीसकट मागे गेले आणि त्यांच्या चौकटीत फक्त दोन बुटांचे तळवे उरले.

“देवा!” मफलरबाई किंचाळल्या. साहेबांनी घाबरून भलतंच बटण दाबलं, आणि त्यात आमचा आवाज सुरू झाला.

बायकोने ‘मी जिवंत आहे’ सुद्धा म्हटलं नाही. म्हणाली, “पूर्वेची मंजुरी आता कुणाकडे आहे?”

“मा... माझ्याकडे,” मफलरबाई म्हणाल्या. “पण तुम्ही... तुम्ही तर वर...”

“वरच्या खोलीत! भाषांतर चुकलं. नंतर सांगते. फाइल उघडा.”

“पण यात काय काय बदललंय हे मला कुठे ठाऊक? तुम्ही तर...”

“मी सांगते ना. लिहून घ्या. गोदामातल्या रात्रपाळीचा भत्ता वाढलाय. क्रेनवाल्याचं लग्न झालंय, त्याचा कर बदला. स्वागतकक्षातल्या मुलीने बँक बदललीये, जुन्या खात्यात घालू नका...” ती डोळे मिटून एकेक सांगत होती. मफलरबाईंची बोटं धावत होती. साहेब, ज्यांना मी आजवर नुसतं ‘हं हं’ करताना ऐकलं होतं, ते बाह्या सरसावून आकडे पडताळत होते. मेणबत्त्या तशाच जळत होत्या. काळ्या कपड्यांतल्या चार देशांच्या माणसांनी असा काही धडाका लावला, की कुठलीही मिरवणूक फिकी पडावी!

“बँक!” मिशीवाले खुर्ची सरळ करत बुटांमागून उगवले. “आमची बँक आता खिडकी बंद करेल! मी अधिकाऱ्याला फोन लावतो. पण तो माणूस दगड आहे. कुणासाठी थांबत नाही.”

“काय सांगणार त्याला?”

“सांगतो, सगळा गोंधळ झाला, आमच्या बाई गेल्या असं वाटलं होतं, पण त्या...”

“थांबा!” बायकोने बोट उचललं. “‘पण त्या’च्या आधी थांबा. फाइल जाईपर्यंत मी गेलेलीच आहे!”

मिशीवाल्यांना उमगायला एक क्षण लागला. मग त्यांनी असा काही टाहो फोडला की फोनवरचा तो दगड पाझरला. ‘शेवटचं काम होतं हो त्यांचं’ असं म्हणत त्यांनी त्या अधिकाऱ्याला धरून ठेवलं. तो बिचाराही रडला म्हणे. इकडे मफलरबाईंनी बटण दाबलं. आम्ही सगळे श्वास रोखून. मिशीवाल्यांनी फोनवर हात ठेवून मान डोलावली. गेली!

आई टाळ्या पिटत उठली. मी कुणाला मिठी मारावी हे न सुचून त्या फुलांच्या कड्यालाच मारली.

बायको खुर्चीत मागे रेलली. घाम पुसला. मग पडद्याकडे बघून म्हणाली, “हां. आता तुमची भाषणं पुरी करा.”

“भाषणं?” साहेब ओशाळले.

“लिहून आणलीत ना? मग वाचा की. मला काय रोज मरायचंय?”

त्यांनी वाचली. मफलरबाई म्हणाल्या, त्यांचं बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं तेव्हा रजेचा कुठलातरी विसरलेला नियम बायकोने शोधून काढला आणि त्यांना बाळाजवळ राहता आलं. मिशीवाले म्हणाले, आपल्याकडे सगळे चूक काढायला फोन करतात. या बाई चूक होण्याआधी फोन करतात. साहेबांना तर वाचताच येईना. ‘हं हं’ एवढंच दोनदा म्हणाले. पण ते ‘हं हं’ वेगळं होतं.

बायको पदराने नाक पुसत राहिली. कॉल संपल्यावरही ती बराच वेळ त्या बंद पडद्यापुढे बसून होती. मी चहा करून आणला. तिने तो घेतला. मी माफी मागायला तोंड उघडणार, तोच म्हणाली, “राहू द्या. ऐकायला मिळालं ना सगळं. जिवंतपणी कुणाला मिळतं?”

बघा! म्हणजे सत्कार शेवटी मीच घडवून आणला की नाही?

दुसऱ्या दिवशी कंपनीने तिला रीतसर नव्याने नेमून घेतलं. नव्या माणसाची सगळी माहिती तिने भरली. ‘अडीअडचणीला घरच्या कुणाला कळवावं’ या रकान्यात आजवर माझं नाव असे. मी डोकावून पाहिलं. तिथे तिने आईचं नाव घातलं होतं.

“अगं,” मी म्हणालो, “आईला तर फोनवर एक अक्षर लिहिता येत नाही!”

“म्हणूनच,” बायको म्हणाली.